फळीपलीकडच्या टिचक्या

चष्मेवाल्यांच्या दुकानामागे एकच लांबट खोली होती. मुलं मोठी झाली तशी चष्मेवाल्यांनी खोलीच्या मधोमध लाकडी फळ्यांची भिंत उभी केली. अलीकडे मुलगी, पलीकडे मुलगा. अलीकडे शाळा, पलीकडे कुराण.

ही वाटणी मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा असताना झाली. त्या दिवशी चष्मेवाले भिंगाची कड घासत बसले होते. चाकावरून नजर न काढता ते बायकोला म्हणाले, "माणसाला दोन डोळे दिलेत. एकाला जवळचं दिसावं, एकाला लांबचं. जवळचं म्हणजे ही दुनिया, लांबचं म्हणजे आखिरत, मेल्यानंतरची. आपल्याला मुलंही दोनच. एक इकडे, एक तिकडे. घर सरळ बघेल."

 मुलांना थोपटताना अम्मी स्वतःच्याच दोन ओळी गुणगुणायची, त्या तिने त्या रात्री जरा हळू म्हटल्या:

डावा डोळा माझी लेक, उजवा डोळा माझा बाळ,
मिटू कोणता गं बाई, कोणाला लावू काजळ.

मुलाला घरात भिंगरी म्हणत. रांगत होता तेव्हापासून एका जागी ठरला नव्हता तो. अशा पोराला हाफिज करायला, म्हणजे अख्खं कुराण पाठ करायला बसवलं. रोज सकाळी मशिदीत हाफिजसाहेब त्याचा धडा ऐकत, दुपारी दुकानात अब्बा ऐकत. अब्बांना पाठ नव्हतं, पण ते काउंटरवर कुराण उघडून प्रत्येक शब्दाखाली बोट धरायचे. ज्या स्टीलच्या पट्टीने ते गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजत, ती पट्टी दुसऱ्या हातात असायची. एका चुकीला एक. बोटांच्या सांध्यांवर.

आणि अलीकडे त्याची मोठी बहीण, आपा, गणितं सोडवायची.

फळीला कान नसतात, पण आपाला होते. पलीकडे भिंगरी कुराणातली एकच ओळ, एकच आयत, वीस-वीस वेळा डोलत म्हणायचा. इकडे तिचं समीकरण सुटेपर्यंत ती आयत तिच्या अंगात उतरलेली असायची. पाणी झिरपावं तसं झिरपत गेलं. भूमितीच्या वहीला त्या सुरांचा वास लागला आणि त्या सुरांना शिसपेन्सिलीचा. नऊ वर्षांत कुराणाचे तीसही भाग तिच्यात येऊन बसले, न बोलावता, न पट्टी खाता. तिने कोणाला सांगितलं नाही. शाळा अब्बांनी दिलेली होती. हे तिचं स्वतःचं होतं.

पाठांतरात एक चकवा असतो. काही आयती दोन-तीन ठिकाणी येतात, शब्द बहुतेक तेच, मग पुढे वाटा फुटतात. एकाच चौकातून निघालेल्या तीन गल्ल्या. म्हणणारा तंद्रीत असला की पहिल्या गल्लीऐवजी तिसरीत शिरतो आणि भलत्याच घरी जाऊन पोचतो. भिंगरी रोज भलत्याच घरी जायचा. एकदा त्याच्या बोटांतून रक्त आलं, तेव्हा संध्याकाळी आपाने फळीवर नखाने टिचकी मारली.

"कोण?" तो दचकला.

"मी. ऐक. तू पहिल्या ठिकाणी आहेस. एक टिचकी म्हणजे पहिलं ठिकाण, दोन म्हणजे दुसरं, तीन म्हणजे तिसरं. अडलास की नाक चोळ. फटीतून दिसतं मला."

"तुला कसं येतं गं?"

"तू इतका ओरडतोस, गल्लीतल्या मांजरालाही येत असेल."

तो हसला. त्यानंतर दोन वर्षं दुपारची पट्टी कमी झाली. अब्बा म्हणू लागले, पोराचं डोकं उघडलं.

हाफिज झाल्याची सनद देण्याआधी हाफिजसाहेबांचा एक रिवाज होता. मुलाने पहाटेच्या नमाजेत पुढे उभं राहून लांब पाठ म्हणायचा. भिंगरीची पहाट आली. त्याच्या मागच्या रांगेत बरोबर पाठीशी हाफिजसाहेब, त्यांच्या शेजारी अब्बा. वरच्या सज्जात पडद्याआड अम्मी, आपा आणि चार बायका. आपाच्या दहावीच्या परीक्षेला दहा आठवडे होते. आदल्या दिवशीच शाळेतल्या बाईंनी तिला विचारलं होतं, पुढे काय? ती म्हणाली होती, डोळ्यांची डॉक्टर. अब्बा डोळ्यांबाहेरचं बघतात, मी आतलं बघीन.

भिंगरी छान म्हणत होता. मग चौक आला. तो थांबला, पुन्हा मागे आला, पुन्हा तिथेच थांबला. तिसऱ्यांदा मागे आला. चूक झाली की मागच्याने सांगायचं असतं, पण हाफिजसाहेब गप्प होते. मुलाला तीन श्वास बुडू द्यायचं, ही त्यांची पद्धत. अब्बांना तर काय चुकलं तेच कळत नव्हतं.

नमाजेत बाईने आवाज द्यायचा नसतो. चूक दिसली तर हाताच्या पाठीवर हात मारून इशारा द्यायचा असतो. तेवढी मुभा आहे. आपाने हात मारला. एकदा. दोनदा. तीनदा. आणि थांबली.

भिंगरी तिसऱ्या गल्लीत शिरला आणि नीट घरी पोचला.

नमाज संपल्यावर पुरुषांनी त्याला मिठ्या मारल्या. हाफिजसाहेबांनी मारली नाही. ते दुकान उघडायची वाट बघत बाहेरच्या पायरीवर बसून राहिले. अब्बांनी शटर वर केलं तसे आत येऊन म्हणाले, "चष्मेवाले, सज्जातून हात कोणी मारला?"

"चुकलं म्हणून मारला असेल कोणी बाईने. का?"

"चुकलं म्हणून एकदा मारतात. हा मोजून तीनदा होता. ती आयत तीन ठिकाणी आहे आणि पोरगं होतं तिसऱ्या ठिकाणी. आणि त्याला तो इशारा लगेच कळला, म्हणजे घरातलाच. तुमच्या घरात हाफिज आहे. तुम्ही समजता तो नाही."

अब्बांनी आपाला हाक मारली. भिंगरीही आला. काउंटरवर कुराण उघडलेलं होतं, बाजूला पट्टी. भिंतीवर चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमा ओळीने टांगलेल्या, सगळ्या तिच्याकडेच बघत असल्यासारख्या.

"येतं तुला?" अब्बांनी विचारलं.

"थोडं थोडं. कानावर पडतं म्हणून."

हाफिजसाहेबांनी मधूनच एक ओळ उचलून दिली. "पुढे म्हण, बेटा."

पुढचं सगळं पान तिच्या जिभेवर तयार उभं होतं. पण अब्बांचा चेहरा तिला कळत होता. त्यांच्या घरात एका माणसाला एकच नंबर बसायचा. हे नीट म्हटलं तर शाळा गेली. ती सहा शब्द म्हणाली आणि मुद्दाम अडली. तिथे ती आजवर कधीच अडली नव्हती.

"नाही येत," ती म्हणाली.

अब्बांनी सुस्कारा सोडला. सुटल्याचा होता तो. हाफिजसाहेब उठू लागले.

तेवढ्यात काउंटरच्या काचेवर आवाज झाला. टिक. टिक.

भिंगरीच्या नखाचा होता. दोन. दुसरं ठिकाण. तो तिच्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या बोटांच्या सांध्यांकडे बघत होता. दहा वर्षांचे वळ होते तिथे.

दोन वर्षांची सवय आपाच्या जिभेत होती. टिचकी पडली की वाट उघडते. तिने ओठ मिटायच्या आत आयत बाहेर पडली, मग पुढची, मग पूर्ण पान. हाफिजसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी आणखी पाच ठिकाणं विचारली. कुठेच थांबावं लागलं नाही.

"तिला सगळं येतं अब्बा," भिंगरी म्हणाला. "मला येत नाही. मला तीच सांगायची. तिलाच करा हाफिज, मला शाळेत घाला."

"भिंगरी," आपा म्हणाली. एवढंच.

हाफिजसाहेब जाताना दारात म्हणाले, "मी शाळा सोडा म्हटलेलं नाही हं, चष्मेवाले. इल्म तो इल्म, ज्ञान शेवटी ज्ञानच. ती दोन्ही करतेच आहे, करू द्या."

"घर माझं आहे," अब्बा म्हणाले.

त्या दुपारी अम्मी पहिल्यांदा नवऱ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "हाफिजसाहेबसुद्धा म्हणाले दोन्ही करू द्या. तुम्हीच तर एका भिंगात दोन्ही नंबर बसवून देता लोकांना. वर लांबचा, खाली जवळचा."

"देतो," अब्बा म्हणाले. "आणि तेच लोक पायऱ्यांवरून पडतात. तोंडं फुटलेली घेऊन माझ्याकडेच येतात."

"म्हणून पोरीचे डोळे काढता?"

"काढत नाही. अदलाबदल करतोय. माझ्याकडून डावं भिंग उजवीकडे बसलं होतं. चूक माझी. दुरुस्त करतो."

अब्बांनी त्याच दिवशी दुरुस्त केलं. आपाचं दप्तर फळीपलीकडे गेलं, कंपासपेटी गेली, तिच्या अक्षरातलं वेळापत्रक भिंतीवरून सोलून पलीकडच्या भिंतीवर लागलं. कुराण आणि ते ठेवायची लाकडी रेहल अलीकडे आली. तिने एकदाच विचारलं, "अब्बा, निदान परीक्षा होईपर्यंत?" ते म्हणाले, "जी वाट सोडायची, ती दहा आठवडे आणखी चालून काय मिळणार?" पट्टी त्यांच्या हातात नव्हती. आपाला पट्टी कधीच बसली नाही. तिच्यासाठी ती लागलीच नाही.

भिंगरी पंधरा वर्षांचा होता आणि बालवाडीपुढे शाळेत गेला नव्हता; वाचायला तेवढं दुकानात बसून शिकला होता. त्याला कुठल्या वर्गात बसवायचं हे ठरवायला शाळेतून मास्तर घरी आले. वीस प्रश्नांचा कागद होता, प्रत्येकाला चार उत्तरं, बरोबर उत्तराचा आकडा लिहायचा.

"दहा आली तर आठवीत घेऊ," मास्तर म्हणाले. "नाहीतर पाचवी. बाकावर गुडघे मावणार नाहीत रे तुझे."

अब्बा शेजारी स्टुलावर बसले. भिंगरी वाचू लागला, डोलत, मोठ्याने.

"मनात वाच की."

"मनात येत नाही मास्तर. तोंडातच येतं."

मास्तर हसले. फळीअलीकडे आपा रेहलीसमोर बसली होती. तिला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. पहिल्या प्रश्नाला भिंगरी अडला. फटीतून दिसलं, त्याने नाक चोळलं. तो प्रश्न पुन्हा पुटपुटत डोलत राहिला, त्या आवाजाआड तिने चार टिचक्या मारल्या. त्याने चार लिहिलं. दुसऱ्याला एक. त्याने एक लिहिलं, आणि त्याचे खांदे सैल झाले. त्या दिवशीच्या काचेचा विषय दोघांनी अजून काढला नव्हता. त्याला वाटलं असावं, मिटला.

"त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती?" तो वाचू लागला. "एक, नव्वद. दोन, एकशे ऐंशी. तीन, दोनशे सत्तर. चार, तीनशे साठ."

त्याने नाक चोळलं. डोलताना त्याच्या कोपराचा धक्का कंपासपेटीला लागला आणि आतलं कर्कटक वाजलं. आपाला तो आवाज पाठ होता. रोज सकाळी शाळेच्या जिन्यावर तिच्या पाठीवर वाजायचा तो.

तिने नख फळीला लावलं. एक टिचकी. दुसरी टिचकी. दोनवर थांबायचं होतं.

तिसरी चुकून पडली नाही.

भिंगरीने तीन लिहिलं. पुढचे सतरा प्रश्न आपा नीट ऐकत होती. आधी बरोबर उत्तर शोधायची, मग त्याच्या शेजारचं द्यायची. समोर कुराण उघडं होतं. तिथे एका मात्रेची चूक तिला सहन व्हायची नाही. फळी तिच्यापासून हातभर होती, तेवढ्या अंतरात बरोबरचं चूक होत होतं. दोन प्रश्न भिंगरीने न विचारताच सोडवले, एक भिंगांचा, एक मोजमापाचा. दुकानात बसून आलेले.

मास्तरांनी लाल पेनाने कागद तपासला. "चार," ते म्हणाले. "पाचवीत बसवा, चष्मेवाले. मुलगा वाईट नाही, पण पाया नाही. एवढी वर्षं केलं काय याने?"

मास्तरांना पोचवायला अब्बा दारापर्यंत गेले. तेवढ्या वेळात भिंगरी अलीकडे डोकावला. हातात कागद.

"आपा, त्रिकोणाला तीनदाच वाजवलंस ना?"

"हो."

"तेच म्हटलं. मास्तर म्हणतात दोन." त्याने कागद उलटा करून पाहिला, जणू मागे खरं उत्तर असेल. "त्यांचाच काहीतरी घोळ झालाय. तुझं कधी चुकतं का?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो हसला. तिला वाईट वाटू नये म्हणून हसला असावा.

"अब्बांना सांगू, पुन्हा तपासायला लावा?"

"सांग," ती म्हणाली.

तो गेला. पलीकडून त्याचा आवाज आला, उत्साहाचा, मग अब्बांचा, "म्हणजे इथेही तीच सांगत होती? बोटं पुढे कर." मग काउंटरच्या ड्रॉवरचा आवाज आला. त्या ड्रॉवरमध्ये पट्टी असायची.

एक.

दोन.

आपा तिसऱ्या फटक्यासाठी थांबली. तो आला.

मग तिने डोळे मिटले आणि जिथे बोट होतं तिथून पुढे म्हणू लागली. पुढे एक चौक होता, तीन गल्ल्यांचा. ती न अडखळता बरोबर गल्लीत शिरली. कानामात्रेचीही चूक झाली नाही.