विलंबाचे कारण

रविवारी सकाळी वृंदा पोहे परतत होती आणि श्रीकांत केळशीकर खिडकीला आरसा टेकवून दाढी करत होता. कलकत्त्यातल्या डमडमच्या त्या दोन खोल्यांत रविवार असाच उजाडायचा. फरक एवढाच, की गेले तीन महिने दाराची कडी वाजली की श्रीकांत कपाळाला आठी घालायचा. कुणीतरी वृंदाचं अभिनंदन करायला आलेलं असायचं.

आजही आलेच. मराठी मंडळाचे चिटणीस गुरुदत्त नाडकर्णी.

"काय केळशीकर! मोठ्या बाईंचे यजमान! चहा अजून त्याच करतात की आता तुमच्याकडे आला?"

गुरुदत्त खो खो हसले. श्रीकांतही हसला आणि वस्तरा गालाला लागला.

झालं होतं असं. तुरुंगातून सुटणाऱ्या बायकांची मानसिक तपासणी करायची, त्यांना घर आणि काम मिळवून द्यायचं, असा नवा प्रकल्प तुरुंग खात्याने १९७३ साली कलकत्त्यात सुरू केला. प्रमुखाच्या जागेसाठी नवराबायको दोघांनी अर्ज केला. तो पुण्याचा एम. ए., अकरा वर्षं कैद्यांच्या चाचण्या घेतलेल्या. तिची आठ वर्षं. पण वृंदा इथेच जन्मलेली, बंगाली तिच्या जिभेवर खेळायची. ज्या बायका श्रीकांतसमोर पदराचं टोक चावत गप्प बसायच्या, त्या तिच्यापुढे घडाघडा बोलायच्या. जागा वृंदाला मिळाली आणि ती योग्यच मिळाली. हे श्रीकांतलाही कळत होतं, आणि म्हणूनच तर त्याची जास्त आग होत होती. दिवसभर दुसऱ्यांच्या मनाच्या गाठी सोडवणारा हा शहाणा माणूस! घरी बायकोच्या नावाचं सरकारी पाकीट दिसलं की आतल्या आत धुमसायचा.

गुरुदत्त गेल्यावर वृंदाने एक कागद त्याच्यापुढे ठेवला.

"अहो, ही सही राहिलीये. गुरुवारी सुटका मंडळाची बैठक आहे."

"ती वरवंट्यावाली?"

"आशा म्हणा. नाव आहे तिला."

आशाचा नवरा खिदिरपूरच्या गोदीत हमाल होता. पिऊन यायचा आणि तिला मारायचा. एका दुपारी त्याने तिचे केस धरले तेव्हा ती पाट्यावर मसाला वाटत होती. वरवंटा हातातच होता. तो मेला, ती तुरुंगात गेली. सात वर्षांत एक तक्रार नाही. सुटका मंडळ तिला सोडायला तयार होतं, फक्त कुणीतरी आपल्या घरी ठेवून घेतो म्हणायला हवं होतं. भाऊ मनोहर नागपूरला. त्याचं कार्ड आलं: 'आमच्या मुली लग्नाच्या आहेत. ती आम्हाला मेलेलीच आहे.' तेव्हा वृंदा म्हणाली, सहा महिने आमच्या घरी राहील.

पण त्या अर्जाखाली सही लागत होती कुटुंबप्रमुखाची. बाप, भाऊ, नवरा, मुलगा, कोणीही चालेल, पुरुष हवा. काय म्हणावं या रिवाजाला! आशा जगात वावरायला योग्य आहे की नाही हे वृंदाच्या सहीने ठरायचं, मंडळ ती सही डोळे झाकून मानायचं. पण त्याच वृंदाच्या स्वयंपाकघराशेजारी आशाने चटई टाकायची तर वृंदाची सही कुचकामी. तिथे श्रीकांत हवा.

"विचार करू," श्रीकांत म्हणाला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला जरा बरं वाटलं.

"विचार काय करायचाय? तुम्हीच म्हणाला होतात, हरकत नाही."

"घर माझंही आहे ना? खुनी बाई घरात आणायची म्हणजे..."

"मग मंगळवारी या माझ्याबरोबर. भेटा तिला आणि मग ठरवा."

मंगळवारी तो गेला. तुरुंगाच्या कचेरीतल्या बाकावर एक काटकुळी बाई पदर सावरून बसली होती. वय पस्तिशीचं, केस मात्र अर्धे पांढरे. श्रीकांतने सवयीने चार प्रश्न विचारले. झोप लागते का, राग येतो का. तिने नीट उत्तरं दिली. मग भीत भीत म्हणाली,

"साहेब, एक विचारू? तुमच्याकडे खोलीला आतून कडी आहे?"

"आहे. का?"

"सात वर्षं बाहेरूनच लावतात हो. नवरा होता तेव्हा आतून लावायचा, पण तो लावायचा. मला एकदा माझी मी लावून बघायचीय. लगेच काढीन."

 त्या क्षणी कागद समोर असता तर श्रीकांतने सही करून टाकली असती. पण कागद घरी होता, आणि तेवढ्यात आशा वृंदाकडे बघून म्हणाली, "ताई नसत्या तर मी कधीच वेडी झाले असते. ताईंसारखं कुणी नाही बघा." ती असं काही बघत होती वृंदाकडे! अकरा वर्षांत श्रीकांतकडे एकाही कैद्याने तसं बघितलं नव्हतं. मघाचा सगळा ओलावा पार आटून गेला. परतताना ट्राममध्ये वृंदा आनंदाने बोलत होती आणि तो खिडकीबाहेर बघत हूं हूं करत होता.

गुरुवारी सकाळी वृंदाने निघताना विचारलं, "केलीत ना सही?"

"करतो. शिपायाबरोबर पाठवतो दुपारपर्यंत."

"दोनला बैठक आहे हं. मी वाट बघते."

कागद दिवसभर त्याच्या बॅगेत होता. शिपाई समोरच्या स्टुलावर डुलक्या घेत होता. एक वाजला, दीड वाजला. येऊ दे की तिची पण एखादी केस परत, श्रीकांतच्या मनात आलं. कळू दे, घरातला माणूस हलला नाही तर हिचं पानही हलत नाही. दोनच्या ठोक्याला त्याने चहा मागवला आणि शेवटच्या घोटापर्यंत शांतपणे प्यायला.

पाच वाजता वृंदा घरी आली. पर्ससुद्धा खाली न ठेवता खुर्चीत बसली.

"पुढची बैठक सहा महिन्यांनी," ती म्हणाली. "मी म्हटलं, माझी सही घ्या, मीच राहते त्या घरात. अध्यक्ष हसले. म्हणाले, मॅडम, तुमची सही तिच्या मनापुरती. घरापुरती तुमच्या मिस्टरांची."

"अगं, विसरलोच मी. कामाच्या गडबडीत..."

"ती बोचकं बांधून बसली होती. पहाटेपासून." "मी सांगितलं तर रडली नाही. एवढंच विचारलं, 'साहेबांना मी आवडले नाही का? मी कडीचं बोलायला नको होतं का?'"

 सहा महिने ती बाई त्या एका वाक्याला दोष देत बसणार होती. यात तिचा काडीचाही संबंध नव्हता. ज्या आगीत ती होरपळली ती या दोन खोल्यांतली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"बॅगेत आहे ना कागद? काढा."

त्याने काढला. सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने तो परत त्याच्याकडे सरकवला.

"खालचा रकाना राहिला. उशिरा आलेल्या अर्जाला तो भरावाच लागतो. विलंबाचे कारण."

श्रीकांतने इंग्रजीत झोकदार अक्षरात लिहिलं, अर्जदारास ताप होता.

"ताप कुणाला होता?" वृंदाने विचारलं. "मी आठ वर्षं बायकांना सांगतेय, खरं बोला, त्याशिवाय सुटका नाही. आणि माझ्याच घरातून खोटा कागद नेऊ?"

 श्रीकांतने ती ओळ खोडली. इंग्रजीत शब्द सुचेनात, म्हणून मराठीतच लिहिलं. पत्नीला माझ्याहून मोठी जागा मिळाली, ते मला सहन झाले नाही. म्हणून सही मुद्दाम अडवली. यात काही दोष नसलेल्या बाईला त्याचा त्रास झाला. अशा माणसाच्या सहीवर कोणाची सुटका अवलंबून असू नये. माझ्या पत्नीची सही पुरेशी धरावी.

वृंदाने दोनदा वाचलं.

"हे मी भाषांतर करून बैठकीत वाचून दाखवणार. सगळ्यांसमोर. खात्यात तुमचं हसं होईल."

"वाच," तो म्हणाला. "आणि उद्या मला तिच्याकडे ने. कडीचं काही नव्हतं, हे मलाच सांगायचंय तिला."

वृंदाने कागद पर्समध्ये ठेवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. साडेपाच वाजले होते. तिकडे तुरुंगात बायकांची मोजणी संपली, आशा आपलं बोचकं काखेत घेऊन आत गेली आणि वॉर्डरने नेहमीप्रमाणे बाहेरून कडी लावली.