फुगा दाबू नका

बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करायच्या, आणि आत कोंडलेल्यांना बाहेरून धीर द्यायचा, हे मास्तरांचं काम. "घाबरू नका, आत्ता काढतो," हे ते इतकं गोड म्हणायचे की बिघाड काय आहे ते त्यांना अजून कळलेलंच नाही, असा संशय कुणाला येत नसे.

स्वतः मात्र डोक्याच्या एमआरआयसाठी नळीत सरकवताच त्यांनी 'घाबरलात तर दाबा' म्हणून हातात दिलेला रबरी फुगा दाबला आणि ते बाहेर आले. तोंडावर पिंजरा, कानांत ठोकाठोक, त्यात मशीनवरच्या मुलीचा मधाळ आवाज, "रिलॅक्स राहा हं काका!" मास्तर ओळखून चुकले, हिलाही काही माहीत नाही.

पण उजव्या हातातून पाना गळून पडायचा थांबेना. डॉक्टर म्हणाले, "आत काय आहे ते फोटोशिवाय कळणार नाही. आणि हललात तर फोटो फुकट."

दुसऱ्या खेपेला मास्तरांनी अट घातली, माइकवर बायको बोलेल. लग्नापासून आजवर तिच्या तोंडून चुकूनही गोड शब्द निसटला नव्हता. तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

ठोकाठोक थांबली की मुलगी तिच्यापुढे माइक सरकवी.

"अहो, हात कशाला आवळलाय? फुगा आहे तो, लिंबू नव्हे!"

मास्तरांनी मूठ जरा ढिली केली.

"आणि ते मोजे! भोकाचाच जोड सापडला का नेमका? चारचौघांत माझी अब्रू घालवा."

मास्तरांना हसू आलं, पण हसायची चोरी.

पुन्हा ठोकाठोक. या वेळी लांबली. थांबल्यावर माइक खरखरला, पण कुणी बोलेना. मुलगी काहीतरी पुटपुटली. खुर्ची सरकली.

"अहो," बायको म्हणाली, "छान पडलायत हं. मी आहे इथे."

मास्तरांची बोटं फुग्याभोवती आवळली. तिला त्या फोटोतलं काय कळणार? पण मशीनवरच्या मुलीचा चेहरा वाचायला डॉक्टर व्हावं लागत नाही. की दमली असेल? मोज्यांचा विषय संपला असेल? छे, तिचा मोज्यांचा विषय कधी संपत नसे.

"थोडंच राहिलंय. मग घरी जाऊ, हं?"

मास्तरांनी बोटं सैल सोडली आणि ते निश्चल पडून राहिले. बाहेर यायची आता त्यांना अजिबात घाई नव्हती.