पाऊणकीचं फंक्शन

जालिंदर दौंडच्या मालधक्क्यावर कारकून होता. अख्ख्या दौंडमध्ये त्याला नावानं हाक मारणारं माणूस एकच, तेही भिंतीला भिंत लागून होती म्हणून. ऑफिसात तो नुसता ‘न्हावरेकर’. गावी न्हावऱ्याला आई गेल्यापासून भाऊ ‘कवा आलास’ विचारायच्या आधी ‘कवा जानार’ विचारायचा, म्हणून तिकडची वाटही त्यानं सोडली होती. एकटेपणाची सवय होते म्हणतात. म्हणणाऱ्यांनी दौंडला एक उन्हाळा काढून बघावा.

सन शहात्तरला त्यानं पुण्यात दर रविवारी भरणाऱ्या कॉम्प्युटरच्या वर्गात नाव घातलं. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला लिहून दिलेला हुकूम, हे त्याला पहिल्याच दिवशी पटलं. हुकूम झेलण्यात सहा वर्षं गेलेली. आता सोडायची पाळी आली तर कुणाला नको असते? चौदा जणांतून दोघांना तिथेच नोकरी मिळणार होती. पगाराचं त्याला एवढं नव्हतं. चहाच्या सुट्टीत तिथली माणसं त्याला ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारायची, आणि त्या एका प्रश्नासाठी तो दौंड सोडायला तयार होता.

शेवटची परीक्षा सोपी दिसत होती. गणिताची साधी फंक्शनं लिहायची, म्हणजे आकडा आत घातला की ठरलेलं उत्तर बाहेर यावं. आठवड्यानं कागद द्यायचे, ऑपरेटर त्यावरून यंत्राला वाचता येतील अशी भोकांची कार्डं पंच करणार आणि यंत्र प्रत्येकासाठी एकदाच चालणार. सर म्हणाले, “स्वतःचं लिहिलेलं स्वतःला बरोबरच दिसतं. दुसऱ्या कुणाला तरी यंत्र व्हायला सांगा.”

जालिंदरनं लहानपणी घोकलेल्या पावकी, निमकी, पाऊणकी या पाव, अर्ध्या, पाऊण पटीच्या पाढ्यांचीच फंक्शनं केली. पाऊणकीसाठी लिहिलं, तीनाला चारानं भागा आणि येईल त्यानं दिलेल्या आकड्याला गुणा. बाकीची दोन तशीच. आता दुसरा कुणी आणायचा कुठून? राहता राहिले शेजारचे सोपानआबा. आबांनी शिरूरच्या बाजारात तोलार म्हणून चाळीस वर्षं कांद्याचा काटा धरला होता. मुलगा रेल्वेत ड्रायव्हर, चार-चार दिवस घरी नसायचा.

“आबा, तुमाला यंत्र व्हायचंय.”

“व्हतो की. यंत्राला खायाला काय घालनार?”

“आकडे.”

मग रोज संध्याकाळी ओट्यावर बैठक भरू लागली. जालिंदर मांडीवर कागद घेऊन आकडा टाकायचा, आबा डोळे मिटून उत्तर द्यायचे.

“तेराची पाऊणकी?”

“पावनेधा.”

“सतराची?”

“पावनेतेरा. आरं, जरा अवघड घाल की!”

जालिंदरनं आधी काढून ठेवलेल्या उत्तराशी ते तंतोतंत जुळायचं आणि तो खूण करायचा. चौथ्या दिवशी आबांनी न विचारताच दोन ताटं वाढली. आठवडाभर जालिंदर कामावरून धावत घरी आला. इतकी वर्षं घरी धावत यायला कारणच नव्हतं.

रविवारी त्यानं कागद दिले, पुढच्या रविवारी निकाल हातात पडला. रुंद कागदावर वरपासून खालपर्यंत शून्यं. तेराची पाऊणकी शून्य, सतराची शून्य, शंभराची निमकी शून्य!

“तुम्ही पूर्णांकाला पूर्णांकानं भागायला सांगितलं,” सर म्हणाले. “तसं सांगितलं की यंत्र अपूर्णांक टाकून देतं. तीनात चार एकदाही जात नाही, म्हणून शून्य. शून्याला कशानंही गुणा. आकड्यांना नुसतं दशांशाचं टिंब दिलं असतं तरी भागलं असतं. कुणाकडून तपासून घेतलंत?”

“शेजारच्या आबांकडून.”

“त्यांनी तुम्ही लिहिलं होतं तेच केलं, की उत्तर सांगितलं?”

 आबांनी पाढा म्हटला होता. लिहिलेल्या ओळीप्रमाणे एक पायरीही कुणी केली नव्हती. नोकरी दुसऱ्या दोघांना मिळाली.

तो परतला तेव्हा दिवस मावळतीला होता आणि आबा ओट्यावर वाट बघत बसले होते.

“आलं का बराबर?”

“शून्य आलं, आबा. समद्याचं.”

“तेराची पाऊणकी शून्य? यंत्र हाय का थट्टा?”

“यंत्राचं न्हाई चुकलं. म्या लिवलेलं तुमाला दावलंच न्हाई.”

“मग दावायचं की. वाचाया येतं मला.”

“तुमी उत्तर द्यायचा ते आयकाया बरं वाटायचं,” जालिंदर म्हणाला. “कागदाकडं ध्यानच ऱ्हायलं न्हाई.”

 आबा हळूच म्हणाले, “म्हंजी तू पुन्याला जात न्हाईस?”

“न्हाई.”

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम फुलला. लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली, त्यांनी मान फिरवली आणि “लई वाईट झालं, लई वाईट,” असं म्हणू लागले. पण आवाजातली खुशी काही केल्या लपेना.

जालिंदरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलं वाटोळं झालं आणि म्हातारा खुशीत! तो ताडकन उठला, आपल्या दारापर्यंत गेला, कुलपाला किल्ली लावली आणि तिथेच थांबला. तिशी उलटली होती, पण आपण जाऊ नये असं कुणाला तरी वाटतंय, हे तो पहिल्यांदाच बघत होता. किल्ली तशीच सोडून तो मागे फिरला, आबांशेजारी येऊन बसला आणि त्याला रडू आवरेना. आबांनीही त्याला गप्प केलं नाही.