उजवीकडचा अर्धा माणूस

ताईच्या फोटोला मंडळाच्या प्रदर्शनात पहिला क्रमांक मिळाला. आता हे वाक्य वाचलंच नाही असं धरून पुढे चला, कारण ताईचा तसा हुकूम आहे. तिच्या मते असं काहीही घडलेलं नाही, फोटो अजून पुरा व्हायचाय, आणि अर्धवट कामाला बक्षीस देणाऱ्यांनी एकदा डोळे तपासून घ्यावेत. डोळे तपासणारा घरातच आहे, तिचा धाकटा भाऊ. वय वर्षं चोपन्न. ताई त्याला छोट्या म्हणते.

छोट्याचं चष्म्याचं दुकान आहे. गेली तीस वर्षं तो लोकांच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवतो, तिच्यात काचा बदलतो आणि एकच प्रश्न विचारतो, "असं बरं, की असं?" दर रविवारी सकाळी छपाईच्या दुकानावरच्या खोलीत छायाचित्र मंडळ भरतं, तिथेही त्याचं हेच चालतं. सभासद प्रवासातले, रस्त्यावरचे फोटो लांबलचक टेबलावर मांडतात. मंडळाचे अध्यक्ष प्रत्येक फोटोपुढे थांबून "वा, काय प्रकाश आहे!" म्हणतात. एकदा चुकून पालथ्या पडलेल्या फोटोलाही ते असंच म्हणाले होते. मागून छोट्या येतो. त्याच्या हातात काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे असतात. ते फोटोवर ठेवून तो एक लहान चौकोन करतो, सरकवतो आणि विचारतो, "असं बरं, की असं?"

चांगलं किंवा वाईट हे शब्द तो वापरत नाही. "तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला मी 'तुमचे डोळे छान आहेत' असं म्हटलेलं नाही," हे तो छाती फुगवून सांगे.

"म्हणूनच तुझं लग्न जमायला वेळ लागला," ताई म्हणे.

पण त्या पुठ्ठ्यांचा दरारा होता. बँकेतले एक सभासद डोंगर, दऱ्या, किल्ले असे एकेचाळीस फोटो घेऊन आले होते. छोट्याने एका किल्ल्यावर पुठ्ठे ठेवले आणि हळूहळू किल्ला पूर्ण झाकून टाकला. उरला खालचा डावा कोपरा. तिथे बँकवाल्यांची बायको बॅगेवर बसून चप्पल काढून तळवा चोळत होती. "असं बरं, की असं?" बँकवाल्यांनी वाकून तो कोपरा बघितला. मग घरी फोन करून म्हणाले, "अगं, पाय कसा आहे आता?" सहल होऊन आठ महिने झाले होते.

अशा मंडळात ताई दाखल झाली. चौतीस वर्षं बसची कंडक्टर म्हणून नोकरी करून ती निवृत्त झाली, जन्मात पहिल्यांदा स्वतः तिकीट काढून लांबच्या प्रवासाला गेली आणि लेकीने दिलेल्या छोट्या कॅमेऱ्यात अकराशे फोटो घेऊन परतली. प्रदर्शनासाठी प्रत्येकाने एकच फोटो द्यायचा होता. त्यातले वीस भिंतीवर लागणार, बाकीचे पाकिटातून परत.

"चौतीस वर्षं मी लोकांना जागा करून दिली," ताई म्हणाली. "आता मला त्या भिंतीवर वीतभर जागा पाहिजे. आणि हे बघ, भाऊ म्हणून बोलू नकोस. बाकीच्यांना सांगतोस तसं सांग. पाकीट परत आलं तर मी कॅमेरा लेकीला देऊन टाकणार."

दुपारी दुकान बंद करून दोघं बसले. पहिला फोटो चौकातल्या कारंज्याचा. इतक्या लांबून घेतलेला, की माणसं जिऱ्याएवढी.

"त्रेसष्ट आहेत," ताई म्हणाली. "मोजलेत मी."

"पण बघायचं कुणाकडे?"

"सगळ्यांकडे. एकाकडे बघितलं तर बाकीच्यांना राग नाही यायचा?"

छोट्याने पुठ्ठे ठेवले. "असं बरं, की असं?"

"छत्रीवाली कुठे गेली?"

"पुठ्ठ्याखाली."

"तिला का उतरवलंस?"

"ताई, फोटो म्हणजे बस नाही."

"का नाही? चार बाजू आहेत, आत माणसं आहेत, आणि एकेकाला खाली ढकलणारा तू आहेस."

तीनशे फोटो झाले. बाजार, पूल, बागा, सगळीकडे हेच. कुणी राहून जाऊ नये म्हणून ताई प्रत्येक वेळी दहा पावलं मागे सरकली होती. एकदा तर मागच्या दुकानात शिरून काउंटरपलीकडून फोटो काढला होता. छोट्याचा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच फुकट जात होता. दोनदा त्याच्या मनात आलं, कारंज्याला सरळ "छान" म्हणून टाकावं. पण मग पाकीट परत येणार आणि ताईला कळणार, की तो भाऊ म्हणून बोलला. त्याने जीभ आवरली.

"फसलेले कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"ते कशाला? ते दाखवण्यासारखे नाहीत."

"तेच दे."

ताईने पिशवीच्या तळातून, रुमालाखालून, पाकीट काढलं. त्यात अकरा फोटो होते. दहा तिच्या स्वतःच्या अंगठ्याचे होते. अकरावा बसथांब्याचा. बस निघायच्या बेतात, दार मिटत आलेलं, खिडक्यांतली सगळी तोंडं एकाच दिशेला वळलेली. आणि उजव्या कडेला धावत येणारा माणूस: एक पाय, पिशवी धरलेला एक हात, अर्धा चेहरा. बाकीचा माणूस फोटोच्या बाहेर.

"अर्धाच आला बिचारा," ताई शरमून म्हणाली. "पुढचा बघ, पुढचा चांगलाय." तिने चांगल्यांच्या गठ्ठ्यातून काढून दिलेल्या फोटोत तोच माणूस खिडकीत बसून घाम पुसत होता. अख्खा.

छोट्याने दोन्ही शेजारी ठेवले. पुठ्ठे मात्र खिशात घातले. "असं बरं, की असं?"

"दुसरं. पोचला ना तो."

"मग पहिला काढलास कशाला?"

"काढला कुठे? तो पळताना दिसला आणि माझा हात आपोआप घंटीकडे गेला. एक टोला, गाडी थांबवायला." ताईने हवेत दोरी ओढून दाखवली. "तिथे घंटी नव्हती. हातात कॅमेरा होता."

छोट्याने पहिला फोटो जवळ ओढला. मग हळू आवाजात म्हणाला, "दुसरा बघून मला बरं वाटलं, ताई. पहिला बघून माझाच हात वर गेला. खिडकीतले सगळे त्याच्याकडे बघतायत, मीही बघतोय, आणि थांबवायला तुझ्याशिवाय कुणी नाही. कारंज्याच्या फोटोत तू माणसं मोजलीस. इथे तू ड्यूटीवर आहेस."

"लोक म्हणतील, चौतीस वर्षं नोकरी केली आणि माणूस बाहेर ठेवला."

"म्हणोत. निवडायचं तू."

रविवारी तिने पहिलाच दिला. मागच्या बाजूला मात्र ठळक अक्षरांत लिहिलं: 'हा माणूस नंतर बसमध्ये चढला. काळजी नसावी.'

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई त्या फोटोपुढे सगळ्यात जास्त वेळ थांबल्या. "पुढे काय झालं याचं?" त्यांनी अध्यक्षांना विचारलं. "वा, काय प्रकाश आहे!" अध्यक्ष म्हणाले. पुढचं तुम्ही वाचलेलं नाही.

प्रदर्शन बघायला येणारा प्रत्येकजण त्या फोटोपाशी आला, की नकळत उजवीकडे वाकायचा, उरलेला माणूस दिसतो का ते बघायला. बँकवाल्यांची बायको तर ओरडलीच, "अहो, थांबवा ना कुणीतरी!" छोट्या शेजारीच पाठीमागे हात बांधून उभा. जो येईल त्याला सांगे, "माझी मोठी बहीण." पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्याने हे दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा तो शिडीवर असताना.

"काय रे, सारखा चष्मा पुसतोयस," ताई म्हणाली. "काच खराब आहे का?"

"नाही," छोट्या म्हणाला. "काच छान आहे."

शब्द तोंडातून निसटला होता. ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण पदर सावरून जरा ताठ उभी राहिली. मात्र लोकांचं ते वाकणं तिला बघवेना. नवव्या दिवशी तिने मंडळात एक अर्ज दिला आणि पोचही घेतली.

'प्रति, अध्यक्ष, छायाचित्र मंडळ.

विषय: धावत असलेल्या गृहस्थांना फोटोत पूर्ण घेण्याबाबत.

महोदय, वरील गृहस्थ गेले नऊ दिवस आपल्या भिंतीवर धावत असून त्यांचा एक पाय, एक हात व अर्धा चेहरा अद्याप बाहेरच आहे. प्रदर्शन संपण्यास पाचच दिवस उरले आहेत. तरी फोटोची चौकट उजवीकडे चार इंच वाढवून त्यांना आत घ्यावे, आणि ते पूर्ण चढल्याची खात्री होईपर्यंत फोटोतील बस जागची हलवू नये, असे लेखी आदेश फोटोतील चालकास तातडीने द्यावेत, ही नम्र विनंती.'