मोर्सच्या परीक्षेतली सूट

दर्शन सुर्वेचं नाव निघालं की रशीद मुकादमच्या जिभेला लगाम राहत नसे. "शिंचा! मी मालबोटीवर रेडिओ चालवत होतो तेव्हा हा पाळण्यात मुतत होता," हे तो बायकोला, दूधवाल्याला, बाजारातल्या बांगडेवालीलासुद्धा ऐकवायचा. ऐकवताना उजवा हात मात्र कायम खिशात असायचा.

कारण तो हात थरथरायचा. डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता. बायको रहिमाखेरीज कोणाला त्याचा पत्ता नव्हता आणि लागू द्यायची रशीदची तयारीही नव्हती.

दर्शन म्हणजे हॅम रेडिओवाल्यांच्या, घरून हौसेने वायरलेस चालवणाऱ्यांच्या, क्लबचा सेक्रेटरी. रशीद दुबईत नोकरीला असताना त्याचं लायसन संपून गेलं होतं. आता परत मिळवायचं तर लेखी परीक्षा आणि मोर्सची परीक्षा, अशा दोन द्यायच्या. लेखी त्याने दिली, आरामात पास झाला. मोर्सला टिंब-रेघांचा मजकूर हाताने ठोकून दाखवावा लागतो. पण ज्याच्याकडे बोटीवरच्या रेडिओ ऑफिसरचं सर्टिफिकेट आहे, त्याला त्यातून सूट. रशीदकडे ते होतं. अर्ज क्लबमार्फत वर सरकारकडे जायचा होता आणि दर्शन तो दाबून बसला होता.

लायसन मिरवायला नको होतं रशीदला. त्याला भागोजीशी बोलायचं होतं. भागोजी पाष्टे, पालीचा. दोघांनी अर्धं आयुष्य एकाच बोटीच्या रेडिओ खोलीत काढलं, एका ताटात जेवले, एकमेकांच्या घरच्या तारा एकमेकांच्या आधी वाचल्या. मग भागोजीवर अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, मुलाने त्याला नागपूरला नेलं. फोन लावला तर पलीकडून नुसतं घुं घुं ऐकू यायचं आणि सून म्हणायची, "बाबा रडतायत हो, ठेवते." तोंड गेलं, पण डावा हात शाबूत होता. त्या हाताने तो रोज संध्याकाळी घरच्या सेटवर मोर्स ठोकायचा आणि रशीदची जुनी कॉल साइन, म्हणजे त्याचं हवेतलं नाव, पुकारायचा. रशीद जुन्या रिसीव्हरला कान लावून ते ऐकायचा. उत्तर द्यायला लायसन हवं, आणि लायसन नसताना हवेत घुसणाऱ्यांना तो आयुष्यभर चोर म्हणत आला होता.

शेवटी तो दर्शनच्या माळनाक्यावरच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"माझा अर्ज पुढे का जात नाय?"

"काका, एकदा ठोकून दाखवा. पाच मिनटांचं काम हाय."

"दाखवायला लागत नाय, त्यालाच सूट म्हणतात. डोकं गहाण टाकलंस काय?"

"सर्टिफिकेट जुनं हाय तुमचं. हवेत घाण करणारे आधीच भरपूर झालेत, त्यात आणखी एक नको मला."

"माझा हात कसा होता ते जुन्या माणसांना विचार जा!"

"कसा होता ते नाय विचारत मी. आता कसा हाय? खिशातून काढा की जरा बाहेर."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. रशीदच्या अंगाचा तिळपापड झाला. या पोराला कळलंय, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तिथपासून तो दर्शनचा मनापासून द्वेष करू लागला. "थांब, वरून हुकूम आणतो आणि तुझ्या नाकावर टिच्चून सही घेतो," असं म्हणून तो पायऱ्या उतरला.

आणि खरोखरच त्याने हुकूम आणला. तक्रारीवर तक्रार करून वरच्या लोकांना भंडावून सोडलं. सूट हा अर्जदाराचा हक्क आहे, क्लबने मध्ये लुडबूड करू नये, असं उत्तर आलं. रशीदने ते क्लबच्या सभेत दर्शनच्या पुढ्यात आपटलं. "वाच. मोठ्याने वाच, सगळ्यांना ऐकू दे."

दर्शनने वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, तरी वाचलं आणि सही केली. "सूट कागदावर मिळते, काका. हवेत नाय मिळत."

"जळतोस तू," रशीद म्हणाला आणि घरी जाताना मोठी सुरमई घेऊन गेला.

यथावकाश लायसन आलं, जुन्या कॉल साइनसकट. त्या संध्याकाळी रहिमाने आपणहून टीव्ही बंद केला. रशीद सेटसमोर बसला. भागोजी हवेत होताच, नेहमीसारखा पुकारत होता. फोनवर आवाज ओळखावा तसा तारवाल्यांना एकमेकांचा हात ओळखू येतो. कोणाची रेघ लांब, कोण कुठे श्वास घेतो, सगळं. भागोजीचा डावा हातसुद्धा भागोजीचाच वाटत होता.

रशीदने खिशातला हात बाहेर काढून मोर्सच्या बटणावर ठेवला आणि उत्तर दिलं. टिंबं हवी त्याहून जास्त पडली, रेघा मध्येच तुटल्या. त्याने परत ठोकलं, पुन्हा ठोकलं, तेव्हा कुठे कॉल साइन कशीबशी उमटली.

मग भागोजी आला. "कोण तू?"

"रशीद."

"खोटं. रशीदचा हात मला ठाऊक आहे. त्याची कॉल साइन वापरायला लाज नाही वाटत?"

"मीच रे, भागोजी," एवढं रशीदला ठोकायचं होतं. पण रडू आवरता आवरता हात आणखीच उडायला लागला आणि नुसता खडखडाट गेला.

"बंद कर, चोरा. तो माणूस येईल तेव्हा त्याच्याशी बोलेन." भागोजी निघून गेला.

रहिमा दारात उभी होती. तिला मोर्स कळत नव्हता.

"भेटला काय?"

"भेटला."

"मग? काय म्हटलंन?"

रशीदने डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरला.

"माझी बाजू घेऊन भांडला गो. माझ्याशीच."