साहेबांना लाल निशाण

आमच्या कंपनीत साहेबांना 'नाही' म्हणायची पद्धत नाही. 'नाही' आधी सेक्रेटरी बाईंकडे जमा होतं. साहेबांचा चहा होईपर्यंत, मूड लागेपर्यंत त्या ते खणात ठेवतात आणि मग टोकं बोथट करून आत नेतात. मी गोदाम सांभाळतो. मागे तिथलं छत गळायला लागलं. ही बातमी आत पोचली त्या दिवशी छत सुकलं होतं आणि गोदामात ठेवलेल्या ऑफिसच्या नव्या खुर्च्या फुगल्या होत्या. साहेब म्हणाले, "बघा, वाट बघितली की प्रश्न सुटतात." सगळे हसले. सर्वांत शेवटी हसायचा थांबला तो होयबा.

होयबा म्हणजे आमचा विक्री अधिकारी. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर आहे, बाकी कुठे वापरात नाही. साहेबांनी शिंकायच्या आधी हा रुमाल पुढे करतो.

तर माणसांत एकजूट यावी म्हणून साहेबांनी सगळ्यांना वाळूच्या टेकड्यांवर गाड्या चालवायला नेलं. एकजूट खुर्चीत बसूनही येते म्हणतात, पण तिचा फोटो निघत नाही.

तिथला शिकवणारा कामापुरतं बोलणारा होता. त्याने चाकांतली हवा कमी केली, सीटचे पट्टे ओढून बघितले आणि म्हणाला, "माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं दिसत नाही, आणि पलीकडे उतार एकदम तुटतो. म्हणून एक माणूस वर उभा राहील. हिरवं निशाण, म्हणजे मोकळं आहे. लाल, म्हणजे असाल तिथे थांबा. आणि माथ्यावरून उडी मारायची नाही. कुणीच नाही."

"अर्थात," साहेब म्हणाले, आणि फोटोग्राफरला पलीकडच्या पायथ्याशी जाऊन बसायला सांगितलं. त्यांच्या गाडीची चारही चाकं हवेत दिसली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता.

"वर कोण उभं राहणार?" शिकवणाऱ्याने विचारलं.

होयबाचा हात वर गेला. तो हात आता प्रश्नाची वाट बघत नाही.

प्रत्येक गाडीत एक आणि माथ्यावरच्या होयबाकडे एक वॉकीटॉकी दिला होता. साहेबांचा साहेबांपाशी राहणार, मग बाईंना वेगळा नको का? शिकवणाऱ्याने कपाळाला आठी घातली आणि आपला काढून दिला. बाईंनी साहेबांच्या गाडीत बसल्याबरोबर पहिलं काम केलं ते साहेबांचा आवाज बंद करण्याचं. साहेबांच्या वॉकीटॉकीचा, असं म्हणतोय मी. गाडी चालवताना त्यांना कुणी त्रास देऊ नये म्हणून.

माझ्या शेजारी कॅशियर मावशी होत्या. साहेबांच्या वडिलांच्या काळापासून त्या त्याच काचेमागे बसतात. आम्हाला हिरवं मिळालं, आम्ही माथा ओलांडला, आणि समोर जमीनच नाही असं दिसल्यावर मावशी म्हणाल्या, "हळू रे." उतारावर ब्रेक दाबायचा नाही, गाडी सरळ खाली जाऊ द्यायची, हे सकाळीच सांगितलं होतं. मावशींचं न ऐकण्याची सवय मला नाही. मी ब्रेक दाबला. पुढची चाकं वाळूत रुतली आणि इंजिन बंद पडलं. माथ्याच्या बरोबर खाली, कुणीही वरून उडी मारली तर थेट आमच्या टपावर, अशा जागी आम्ही बसलो.

मी वॉकीटॉकीवर सांगितलं, "आम्ही माथ्याखाली अडकलोय. कुणाला सोडू नका."

होयबाने वाकून बघितलं. हात केला. ओळख पटली एवढंच त्यातून कळलं.

पट्टा सोडून मी उतरलो. मावशींच्या पट्ट्याच्या कडीत वाळू गेली होती, ती काही केल्या उघडेना. तेवढ्यात टेकडीमागून इंजिनाची घरघर ऐकू आली, आणि पाठोपाठ होयबाचा आवाज.

"मॅडम, साहेबांना विचारता का, जरा थांबायला जमेल का?"

"का? काय झालं?"

"विशेष काही नाही. पलीकडे आपली दोन माणसं आहेत."

"साहेब आत्ता चढणीवर आहेत. वर पोचले की विचारते."

"चालेल मॅडम. घाई नाही."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "घाई नाही म्हणतो मेला. लाल दाखव म्हणावं त्याला."

मी बटण दाबलं. "अरे, लाल वर कर."

"साहेब स्वतः चालवतायत," होयबा म्हणाला.

"माहीत आहे. म्हणूनच सांगतोय."

"तू समजून घे ना. मी मॅडमच्या कानावर घातलंय."

वर बघितलं तर तो माथ्यावर ताठ उभा. एका हातात हिरवं, एका हातात लाल, दोन्ही पायजम्याच्या शिवणीसारखी सरळ खाली सोडलेली. निर्णय झाल्यावर योग्य ते उचलायची त्याची तयारी होती. घरघर आता जवळ आली होती. मी पळालो नाही, याला शौर्य म्हणू नका. मावशींनी माझी बाही धरली होती.

"मॅडम," मी म्हणालो, "साहेबांना सांगा, फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यात वाळू गेलीय. आत्ता उडी मारली तर फोटो येणार नाही."

ही बातमी बाईंनी खणात ठेवली नाही. मला त्यांचा ओरडण्याचा आवाज वॉकीटॉकीशिवाय ऐकू आला. पाठोपाठ इंजिन गुरगुरलं, दोन चाकं माथ्याच्या कडेवर आली आणि थांबली. ओंजळ ओंजळ वाळू आमच्या अंगावर गळायला लागली.

कडेवरून साहेबांचं डोकं बाहेर आलं. "किती वेळ लागेल त्याला?" मग नजर खाली वळली. "तुम्ही इथे काय करताय?"

"गाडी मागे घ्या," मावशी म्हणाल्या.

साहेबांच्या मागून बाई वाकल्या. "साहेब, मावशींची विनंती आहे, शक्य झाल्यास आपण—"

"विनंती नाही. कड ढासळतेय. मागे घ्या."

इतक्या वर्षांत मावशी त्यांना 'इथे सही करा' यापलीकडे काही बोलल्या नव्हत्या. साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंपाशी खण नव्हता. साहेब आत बसले आणि गाडी मागे गेली.

शिकवणारा टेकडी चढून धापा टाकत आला. एका नजरेत त्याने आमची गाडी बघितली, कडेवरच्या चाकांच्या खुणा बघितल्या, आणि होयबासमोर जाऊन उभा राहिला.

"लाल का नाही दाखवलंत?"

होयबा मान वळवून मागे, साहेबांकडे बघत होता. उत्तर द्यायला हरकत नाही ना, हे त्याला आधी जाणून घ्यायचं होतं.

"त्याचं मीटिंगमध्ये घ्या," मावशी खालून म्हणाल्या. "आधी कुणीतरी या पट्ट्याला कात्री आणा."