इस्त्रीच्या घोडीवरचं गणित

मित्रांनो, टेबल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चार पायांचं, भारदस्त काहीतरी येत असेल. मला पाय दोनच, तेही एकमेकांत अडकवलेले. मिटले की मी दाराआड मावते. दुकानात माझ्यावर ‘इस्त्रीचं टेबल’ अशी चिठ्ठी होती. पण ज्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला घरी आणलं, त्यांनी पहिल्याच दिवशी मला ‘घोडी’ म्हटलं आणि मी ते मनावर घेतलं. तर मी एक जुनी इस्त्रीची घोडी आहे.

या बाईंना घरात सगळे आत्या म्हणतात. त्यांनी माझ्या अंगावर जुन्या दुलईचा तुकडा ताणून बसवला, वर जाड सुती कापड ओढलं. बावीस वर्षं त्या माझ्यावर शिवणी दाबून सपाट करत राहिल्या. शाळेचे गणवेश, पडदे, कोटांचे हट्टी खांदे. गिऱ्हाईक आरशापुढे उभं राहून खूश झालं की आत्या म्हणत, “निम्मं काम घोडीचं.” तेवढं कौतुक मला आयुष्यभर पुरलं असतं.

पुढे आत्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, पायाचं मशीन थांबलं आणि मी दाराआड गेले. तीन वर्षं माझ्या पायांना छत्र्या आणि पिशव्या लटकत होत्या. त्याचा राग नाही. फक्त आपले सांधे गंजताना आपल्यालाच कळतं, तेवढं वाईट वाटतं.

मला पुन्हा उभं केलं आत्यांच्या भाचेसुनेनं. ती इतिहासाची पदवीधर. तिचं आठ महिन्यांचं लेकरू दिवसभर सगळ्यांच्या कामावर नजर ठेवून असे, म्हणून आत्यांनी त्या पोरीचं नाव मुकादम ठेवलं होतं. मुकादम दुपारी झोपे ती फक्त आईच्या खांद्यावर, तीही आई उभी असेल तरच. आई खुर्चीत टेकली, की पोरगी टक्क जागी.

आणि आईला तर अभ्यास करायचा होता. तिला कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर वर्गात जायचं होतं. विद्यापीठाच्या विभागानं तिचा अर्ज नाकारला नव्हता, पण अट घातली होती. गणिताचा पायाभूत अभ्यासक्रम पुरा करायचा आणि मग तोंडी परीक्षा द्यायची. पास झाली तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाची. गणिताशी तिची शेवटची गाठ दहावीत पडली होती, आणि ती काही प्रेमाची नव्हती.

“आत्या, तुमची ती घोडी आहे का हो अजून? उभ्यानं लिहिता येईल.”

“आहे की. छत्र्या सांभाळतेय बिचारी.”

माझ्या सांध्यांत तेल पडलं, मी कुरकुरत उभी राहिले. दुलईच्या मऊपणामुळे पेन्सिल कागदातून आरपार जायची, म्हणून आत्यांनी कापड बेतायची पातळ फळी माझ्या पाठीवर ठेवली. इस्त्री वरच्या कपाटात कुलपात होती, तरी ती आई रोज भिंतीवरचं बटण बंद आहे ना, हे तीनदा बघायची. मग खांद्यावरच्या मुकादमचा श्वास कान लावून ऐकायची, आणि मगच वही उघडायची.

अभ्यास मात्र ती इतिहासासारखा करायची. सोडवून दाखवलेली एकशेचाळीस उदाहरणं तिनं शब्दन् शब्द पाठ केली. कुठल्या पानावर कुठली ओळ, हेसुद्धा. मला वाटलं, वा, काय हुशार बाई आहे. मग सराव परीक्षा झाली. उदाहरणं तीच होती, आकडे तेवढे बदलले होते. पन्नासांपैकी अकरा गुण मिळाले.

तिनं वही माझ्यावर उलटी घातली. आत्या समोर स्टुलावर हातानं काजं करत बसल्या होत्या.

“मला नाही जमायचं, आत्या. उगाच हौस.”

“काय जमत नाही ते तरी सांग.”

“तुम्हाला काय सांगू? हा तीन इकडून तिकडे गेला की उणे होतो.”

“का?”

“नियम आहे तसा.”

“कोणी केला? आणि तिकडे गेल्यावर उणे व्हायला त्यानं काय गुन्हा केला?”

तिनं वही सुलटी केली आणि त्या ओळीवर बोट फिरवलं. मग ती हळूच म्हणाली, “तो जातच नाही कुठे. दोन्ही बाजूंतून तीन काढतात.”

“मग असं सांग ना. झगा एका बाजूनं तीन बोटं आत घेतला तर दुसऱ्या बाजूनंही घ्यावाच लागतो, नाहीतर बाई वाकडी दिसते.”

त्या दिवसापासून पाठांतर बंद. रोज दुपारी ती एक उदाहरण आत्यांना समजावायची आणि आत्या प्रत्येक पायरीवर ‘का’ म्हणायच्या. नाटक म्हणून नव्हे, त्यांना खरंच कळलेलं नसायचं. कधी कधी ती चिडायची, “आत्या, तुम्ही मुद्दाम करता.” आत्या शांतपणे सुईत दोरा ओवत म्हणायच्या, “मी सातवी पास आहे गं. मुद्दाम करायला आधी यावं लागतं.” कितीदा तर कारण सांगता सांगता तिलाच कळायचं, की आपल्यालाही ते माहीत नव्हतं. मग दोघी पुस्तकात डोकं घालायच्या, आणि मुकादम खांद्यावर लाळ गाळत झोपायची.

तोंडी परीक्षा घरूनच, लॅपटॉपवर होती. माझा एक पाय डगमगत होता आणि पडद्यावरचं चित्र हलत होतं. म्हणून आत्या खाली फरशीवर बसल्या. एका हातात माझा पाय, मांडीवर मुकादम. मी आयुष्यात इतकी ताठ कधीच उभी राहिले नव्हते.

पडद्यावरच्या परीक्षक बाईंनी विचारलं, “हजार नावांची क्रमवार यादी आहे. एकच नाव उरेपर्यंत ती निम्मी निम्मी करत गेलात, तर जास्तीत जास्त किती वेळा?”

इतक्यात मुकादम खोकली. आईची नजर खाली गेली. पुन्हा खोकली, पुन्हा गेली.

“तुम्ही खाली काय बघताय?” बाईंचा आवाज बदलला. “कागद ठेवलाय का तिथे?”

तिनं लॅपटॉप उचलला आणि खाली वळवला.

“या माझ्या आत्या. टेबल हलतं म्हणून पाय धरून बसल्यात. आणि ही मुलगी. तिला खोकला झालाय.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “उत्तर?”

“दहा.”

आणि माझा पाय धरलेल्या आत्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “दहाच का?”

मला वाटलं, संपलं. पण पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, “मीही तेच विचारणार होते.”

मग ती बोलत गेली. पाठ केल्यासारखं नाही, दुपारी बोलायची तसं. चादरीच्या घड्या मोजतो तसं उलटं मोजायचं. एकाचे दोन, दोनाचे चार, असं दुपटीनं नऊ वेळा गेलं तर पाचशे बारापर्यंतच पोचतो, हजार बाहेर राहतात. दहाव्यांदा एक हजार चोवीस होतात, त्यात हजार बसतात. एके ठिकाणी चुकली, थांबली, “चुकलं, परत करते,” म्हणाली आणि केलं.

आठवड्यानं पत्र आलं. प्रवेश मिळाला होता, मात्र पहिल्या सहामाहीत गणिताचा एक जादा विषय घ्यायचा होता.

“म्हणजे अजून सहा महिने माझं डोकं खाणार,” आत्या म्हणाल्या आणि डोळे पुसायला पदर नाही, हातातलं काजाचं कापडच घेतलं. भाचेसून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून उभी होती आणि दोघींच्या मध्ये मुकादम चेंगरून ओरडत होती.

मित्रांनो, सपाट केलेल्या शिवणी लोक घालून निघून जातात. इथे मात्र माझ्यावर टेकून एक माणूस दिसामासानं शिकलं, आणि मला ते जवळून बघायला मिळालं. याचे उपकार मी कोणाकोणाचे मानू? तुमच्याही घरात कोणी मोठं माणूस उशिरानं पुस्तक उघडेल. त्याला हसू नका, घाईनं उत्तरंही सांगू नका. त्याच्यासमोर बसा, आणि तुम्हाला जे खरंच कळलेलं नाही ते विचारा. आणि बसता बसता त्याचं टेबल हलत असेल, तर तेवढा पाय धरा.